वही एक, खिडक्या हजार

माझ्यासमोर दोन तिकिटं आहेत. एक हावडा ते नागपूर, दुसरं नागपूर ते हावडा. जातायेता गाडी गीतांजली एक्स्प्रेसच, आणि दोन्ही तिकिटं मी एकाच सकाळी, एकाच फोनवरून काढली. तरी जातानाच्या तिकिटाचा पीएनआर ६ ने सुरू होतो आणि येतानाचा ८ ने. कोलकात्यात इतकी वर्षं राहून, दर वर्षी या गाडीने माहेरी जाऊनही हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. तो दाखवला हाजऱ्याला राहणाऱ्या आमच्या मामांनी. "जातानाची वही इथं कोयलाघाटला आहे गं," ते म्हणाले, "येतानाची मुंबईत. ज्या वहीत नाव लागलं, तिचा आकडा."

मामांनी वापरलेला 'वही' हा शब्द मला फार आवडला, कारण क्लायंट आणि सर्व्हर ही जोडी समजून घ्यायला त्याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही. देशातल्या रेल्वे आरक्षणाच्या पाच मोठ्या वह्या आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. पीएनआरचा पहिला आकडा सांगतो की गाडी कुठल्या वहीतली. ६ आणि ७ कोलकात्याचे, ८ आणि ९ मुंबईचे, २ आणि ३ दिल्लीचे. गाडी जिथून सुटते त्या भागाच्या वहीत तिचं पान असतं. म्हणून हावड्याहून सुटणारी गीतांजली ६ ची आणि मुंबईहून सुटणारी तीच गीतांजली ८ ची.

पण मी तर कोलकात्यात बसून मुंबईच्या वहीत नाव लावलं. ते कसं लागलं?

मामा सत्तरच्या दशकात नोकरीसाठी इथं आले. त्या वेळी आरक्षण म्हणजे फेअरली प्लेसची रांग. वही तेव्हा खरोखरच वही होती, जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी पानं, आणि ज्या बाबूंच्या पुढ्यात ती असेल त्यांच्याच खिडकीवर त्या गाडीचं तिकीट. गीतांजलीच्या रांगेत दोन तास उभं राहून खिडकीशी पोचायचं, "जागा नाही" ऐकायचं आणि मुंबई मेलच्या रांगेच्या शेपटाला जाऊन पुन्हा उभं राहायचं. शेजारच्या खिडकीवरचे बाबू रिकामे बसलेले दिसायचे, पण त्यांच्याकडे वेगळ्या गाडीची वही. परतीच्या तिकिटासाठी नागपूरला तार जायची. तिचं उत्तर कधी चार दिवसांनी यायचं, कधी माणूस नागपूरला पोचल्यावर.

वहीच्या दोन प्रती काढून दोन खिडक्यांवर का ठेवत नव्हते, असं मी मामांना विचारलं. ते हसले. एका प्रतीत ३२ नंबरचा बर्थ मुखर्जीबाबूंना लागला आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या प्रतीत देशपांड्यांना, तर खरगपूर यायच्या आत डब्यात भांडण. बर्थ एकच आहे, तेव्हा तो कोणाचा हे लिहिणारी जागाही एकच हवी. आणि मागणारे तर हजारो, गावोगाव पसरलेले. एकच खरी नोंद आणि तिच्याशी बोलायला असंख्य तोंडं, या अडचणीला संगणकाच्या जगाने दिलेलं उत्तर म्हणजे क्लायंट-सर्व्हर.

गीतांजलीचं आणि या गोष्टीचं एक मराठी नातंही आहे. ही गाडी १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा रेल्वेमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते. टागोरांच्या काव्यसंग्रहाचं नाव घेतलेली ही गाडी वर्गविरहित होती, पहिला वर्ग तिला नव्हताच. साध्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी आली ती दंडवत्यांमुळे. आरक्षणाच्या संगणकीकरणाचं बीजही त्यांच्याच कारकिर्दीत पडलं. सामान्य माणसाची रांगेतली ससेहोलपट आणि खिडकीआडची चिरीमिरी थांबावी ही त्यामागची कळकळ होती, आणि मला ती आजही महत्त्वाची वाटते.

प्रत्यक्षात संगणक आला तो १९८५-८६ मध्ये, दिल्लीत. सीएमसी या सरकारी कंपनीने 'इम्प्रेस' नावाची प्रणाली लिहिली, आणि त्या दशकाअखेरपर्यंत कोलकाता, मुंबई, मद्रास, सिकंदराबाद इथंही ती पोचली. वही आता मोठ्या संगणकाच्या पोटात गेली आणि खिडक्यांवर टर्मिनलं आली. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट. मामा सांगतात, पहिल्या दिवशी लोकांना खरंच वाटेना. सवयीने ते 'गीतांजलीची रांग कुठली?' असंच विचारत राहिले.

ही टर्मिनलं म्हणजे मात्र अजून क्लायंट नव्हेत. त्यांना स्वतःची बुद्धी नव्हती. एक काचेचा पडदा, एक कीबोर्ड, मागे एक तार. बाबूंनी दाबलेलं प्रत्येक अक्षर तारेतून मोठ्या संगणकाकडे जायचं आणि पडद्यावर उमटणारं प्रत्येक अक्षर तिकडूनच यायचं. क्लायंट हा खरा संगणक असतो. त्याच्याकडे स्वतःचं डोकं असतं, आणि कामाचा काही भाग तो आपल्या जागी उरकतो. आज फोनवर तिकीट काढताना तारखेचा रकाना रिकामा ठेवला तर फोनच हटकतो, त्यासाठी सर्व्हरला त्रास देत नाही. नावं नीट मांडणं, भाडं दाखवणं, चुका पकडणं ही सगळी मांडामांड इकडे होते. तिकडे जातो तो फक्त नेमका प्रश्न: या गाडीला, या तारखेला, या दोन स्टेशनांमध्ये, या वर्गात एक जागा द्या. छोटे संगणक स्वस्त झाले तशी ही कामाची वाटणी जगभर रूढ झाली. प्रश्नाची जुळवाजुळव इथं, वही तिथं.

सर्व्हर या शब्दाला मराठीत मला 'वाढपी' म्हणावंसं वाटतं. फरक इतकाच की पंगतीतला वाढपी आग्रह करत पानापानावरून फिरतो. हा आपल्या जागी उभा असतो आणि मागितल्याशिवाय काही वाढत नाही. बोलणं नेहमी क्लायंटने सुरू करायचं. त्याने विचारलं की सर्व्हर उत्तर देतो आणि पुढच्याकडे वळतो. तुमचा चेहरा तो लक्षात ठेवत नाही. दर वेळी तुमचा फोन त्याला एक खूण दाखवतो, हावड्याच्या क्लोकरूममधल्या बिल्ल्यासारखी, आणि त्या खुणेवरून सर्व्हर तुमचं अर्धवट राहिलेलं काम शोधून काढतो. बराच वेळ काही केलं नाही तर तो बिल्ला रद्द होतो, आणि पडद्यावर 'पुन्हा लॉगइन करा' असं येतं.

आता परतीच्या तिकिटाचं कोडं. इम्प्रेसच्या काळात पाच वह्या पाच बेटांसारख्या होत्या. हे बदललं ते 'कॉन्सर्ट' या नव्या प्रणालीने. रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने ती लिहिली, १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. यात वह्या एकत्र केल्या नाहीत. त्या जिथं होत्या तिथंच राहिल्या, आणि सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले. हावड्याच्या खिडकीवर कोणी मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मागितलं की कोलकात्याचा सर्व्हर आपली वही चाळत बसत नाही. तो तोच प्रश्न मुंबईच्या सर्व्हरला विचारतो आणि आलेलं उत्तर खिडकीकडे सरकवतो. हावड्याच्या खिडकीसाठी जो सर्व्हर, तोच त्या क्षणी मुंबईसमोर क्लायंट झाला. सासरी सून आणि माहेरी लेक एकच बाई असते, तसं हे आहे. क्लायंट आणि सर्व्हर ही नाती आहेत. 'सर्व्हर' म्हटलं की थंड खोलीतलं काळं कपाट डोळ्यांसमोर येतं, पण त्या कपाटातलं यंत्र दिवसातून लाखो वेळा स्वतः गिऱ्हाईक होत असतं.

माझ्या फोनवरून गेलेल्या प्रश्नालाही अशीच साखळी पार करावी लागते. फोन हा तिकिटाच्या संकेतस्थळाचा क्लायंट. संकेतस्थळाचा सर्व्हर आरक्षणाच्या वहीचा क्लायंट. पैशांसाठी तोच बँकेच्या सर्व्हरचा क्लायंट. आपल्याला दिसतो फक्त पहिला दुवा.

तो पहिला दुवा जोडताना काय होतं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. फोनला फक्त नाव माहीत असतं. म्हणून तो आधी नावांची डिरेक्टरी राखणाऱ्या सर्व्हरला विचारतो की या नावाचा आकडी पत्ता काय. त्याला डीएनएस म्हणतात. पत्ता मिळाला म्हणजे इमारत कळली. आता खिडकी हवी. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात, म्हणून प्रत्येक सेवेला पोर्टचा नंबर असतो. कुलूपबंद, सुरक्षित वेब-व्यवहारांचा पोर्ट ४४३. जगात कुठंही जा, ही खिडकी त्याच नंबराची. मग फोन आणि सर्व्हर तीन छोटे निरोप पाठवून एकमेकांची खात्री करून घेतात. आपण ट्रंक कॉल लागल्यावर करायचो तसंच: "ऐकू येतंय का?" "येतंय, तुम्हाला माझं?" "येतंय, बोला." एवढं झाल्यावर कुलपाच्या किल्ल्या ठरतात, आणि मगच प्रश्न निघतो, पाकिटांत विभागून, प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि क्रमांक घालून.

हावडा ते मुंबई नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर. गीतांजलीला तीस तासांहून जास्त लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तेवढंच अंतर तो सेकंदाच्या शंभराव्या भागात कापतो. जाऊन परत यायला त्याच्या दुप्पट, आणि वाटेतल्या जंक्शनांवर पाकिटांना वाट दाखवायला लागतो तो वेळ. परतीच्या बर्थची विचारणा मुंबईला जाऊन येईपर्यंत माझी पापणीही लवली नसेल. मामांच्या तारेला चार दिवस लागायचे.

आता वहीजवळ जाऊ. समजा शेवटचा एक बर्थ उरला आहे. मी हाजऱ्याहून तो मागते आणि त्याच क्षणी राउरकेल्याचे कोणी गृहस्थ तोच मागतात. दोघांचेही प्रश्न सर्व्हरपाशी पोचले. सर्व्हरने आधी दोघांसाठी 'जागा आहे का' एवढंच पाहिलं आणि नंतर दोघांची नावं लिहिली, तर फेअरली प्लेसच्या दोन प्रतींचा घोळ संगणकातच झाला. म्हणून पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये कोणाला घुसू द्यायचं नाही. जो प्रश्न केसभर आधी पोचला त्याच्यासाठी सर्व्हर त्या पानाला कुलूप लावतो, जागा पाहतो, लिहितो, कुलूप काढतो. दुसरा तेवढा वेळ बाहेर थांबतो आणि आत आल्यावर त्याला तो बर्थ गेलेला दिसतो. थांबणं सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचं असतं, त्याला ते जाणवतही नाही.

आणि आपली रेल्वेची वही साधी नाही. एकच बर्थ हावडा ते टाटानगर एकाला, टाटानगर ते नागपूर दुसऱ्याला, नागपूर ते मुंबई तिसऱ्याला जाऊ शकतो. वर कोटे: सर्वसाधारण, महिलांचा, तत्काळचा, मधल्या स्टेशनांचा. एक तिकीट देताना सर्व्हर बर्थवर नाव लिहितो, कोट्यातली संख्या कमी करतो, भाडं नोंदवतो, पीएनआर तयार करतो. हे सगळं झालं तर एकदम झालं, नाही तर काहीच नाही. मध्येच वीज गेली, कोट्यातून जागा कमी झाली आणि नाव लिहायचं राहिलं, असं चालत नाही. अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू झाला की अर्धवट काम पुसून आधीच्या स्थितीला येतो. लग्नाच्या याद्या करताना दोन्ही घरच्या मंडळींनी सह्या केल्याशिवाय बैठक उठत नाही, त्यातलाच हा प्रकार.

इथवर सगळं सुरळीत आहे. मला या विषयातली सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती पुढची. उत्तर आलंच नाही तर?

जातानाचं तिकीट मी मेट्रोत काढलं. जतीन दास पार्कच्या फलाटावर उभी होते, गाडी येत होती. नाव, वय, लोअर बर्थ, सगळं भरून झालं होतं. ओटीपी टाकला, बटण दाबलं आणि गर्दीबरोबर डब्यात शिरले. गाडी बोगद्यात गेली आणि माझ्या फोनचा सिग्नल गेला. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. नेताजी भवन, रवींद्र सदन, मैदान. पैसे गेले का? तिकीट निघालं का? पुन्हा दाबू का?

त्या चक्राचे अर्थ तीन होऊ शकत होते. माझा प्रश्न वाटेतच हरवला आणि सर्व्हरला काही माहीतच नाही. प्रश्न पोचला आणि काम चालू आहे. किंवा काम केव्हाच झालं, बर्थ माझ्या नावावर लागला, पण उत्तर परत येताना हरवलं. बोगद्यातल्या माझ्या फोनला हे तिन्ही अगदी सारखेच दिसतात. कितीही हुशार क्लायंट असला तरी नुसत्या शांततेवरून तो यांतलं एकही ओळखू शकत नाही. सर्व्हरचीही तीच गत, आपलं उत्तर पोचलं की नाही हे त्याला कळत नाही. "मिळालं" अशी पोच मागवली तर ती पोचही हरवू शकते, आणि पोचेची पोच मागवायला लागलं तर त्याला शेवट नाही. दोन यंत्रांमध्ये तार आली की ही अनिश्चितता तिच्याबरोबर येते. ती कोणाच्या निष्काळजीपणाने आलेली नसते, आणि पैसे खर्चून ती घालवताही येत नाही.

मग निभावून कसं नेतात? क्लायंट आधी ठरवतो की किती वेळ वाट पाहायची. तो वेळ उलटला की पुन्हा विचारायचं. पण पुन्हा विचारण्यात धोका आहे. 'जागा आहे का' हे दहादा विचारलं तरी कोणाचं नुकसान नाही. 'पैसे कापा आणि जागा द्या' हे दोनदा पोचलं तर दोन तिकिटं. म्हणून अशा मागणीवर क्लायंटने एक न बदलणारा क्रमांक घालायचा असतो. तीच मागणी पुन्हा आली की सर्व्हर आधी वहीत बघतो: हा क्रमांक येऊन गेला आहे का? गेला असेल तर काम पुन्हा करायचं नाही, आधीचंच उत्तर परत द्यायचं. वाण्याकडे उधारीवर सामान आणायला पाठवलेल्या मुलाच्या हाती आई तारीख घातलेली चिठ्ठी देते. पोरगं वाटेत रेंगाळलं म्हणून तिने तीच चिठ्ठी पुन्हा लिहून धाकट्याजवळ पाठवली, तर वाण्याला कळतं की सामान दोनदा द्यायचं नाही. सगळ्याच प्रणाली इतक्या काटेकोर लिहिलेल्या नसतात, म्हणून अशा वेळी पुन्हा बटण दाबण्याआधी आपल्या तिकिटांची यादी उघडून पाहावी. ती विचारणा निरुपद्रवी असते आणि उत्तर वहीतून येतं.

पैसे कापले गेले आणि तिकीट नाही, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. त्याचं मूळही इथंच आहे. पैशांची वही बँकेत, बर्थची वही रेल्वेत. एका वहीत लिहिलं गेलं आणि दुसरीपर्यंत निरोप पोचला नाही. मग नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून मेळ घातला जातो आणि जुळत नाहीत त्या रकमा परत पाठवल्या जातात. ज्याचे पैसे अडकले त्याला ते दिवस लांब वाटतात हे खरं आहे, पण त्या वेळात दोन्ही वह्या ओळीला ओळ लावून पाहिल्या जात असतात.

एस्प्लनेडला वर आले आणि फोनने टुंग केलं. पीएनआर, ६ ने सुरू होणारा. बी-२, लोअर. काम तर केव्हाच झालं होतं, बहुधा नेताजी भवन यायच्या आधीच.

सकाळी १० वाजता एसी तत्काळ सुरू होतं तेव्हा हे सगळं एकाच मिनिटात लाखो लोक करतात. पुढच्या फळीतले सर्व्हर वाढवता येतात. दहाचे शंभर केले, समोर एक वाटाड्या बसवला आणि येणाऱ्याला मोकळ्या सर्व्हरकडे वळवलं की झालं. पण ते शंभरही शेवटी त्याच वहीशी येऊन थांबतात, आणि त्या एका पानाचं कुलूप एका वेळी एकालाच मिळतं. म्हणून विचारणा आणि नोंदणी यांची वाट वेगळी करतात. 'जागा आहे का' याचं उत्तर जरा शिळ्या प्रतीवरून दिलं तरी चालतं, नाव लिहायचं ते मूळ वहीतच. पडद्यावर 'उपलब्ध ४' दिसलं आणि पैसे भरेपर्यंत वेटिंग आलं, तर त्यामागे हेच असतं. रेल्वेने जून २०२५ मध्ये सांगितलेल्या आकड्यांत हा फरक स्वच्छ दिसतो: तेव्हाची क्षमता मिनिटाला ३२ हजार तिकिटं आणि ४ लाख विचारणा, नव्या प्रणालीचं लक्ष्य दीड लाख तिकिटं आणि ४० लाख विचारणा. विचारणा दसपट वाढवता येतात, लिहिण्याची क्षमता पाचपटीच्याही आत राहते.

आरक्षणाच्या खिडकीवर दोन वाक्यं आपण नेहमी ऐकतो, 'लिंक नाही' आणि 'सर्व्हर डाऊन'. लोक ती एकच समजतात. लिंक नाही म्हणजे रस्ता तुटला. वही शाबूत आहे, दुसऱ्या गावच्या खिडकीवर ती या घडीला चालूही असेल. सर्व्हर डाऊन म्हणजे वहीच मिटली, आणि मग कुठल्याच गावी जाऊन उपयोग नाही.

कोलकात्याने हे दुसरं फार दुःखद रीतीने पाहिलं. ८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी स्ट्रँड रोडवरच्या न्यू कोयलाघाट इमारतीच्या तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ माणसं गेली. त्यांत आग विझवायला वर गेलेले अग्निशमन दलाचे चार जवान होते. इमारतीची वीज तोडावी लागली, आणि आरक्षणाचा सर्व्हर त्याच इमारतीत होता. पूर्व भारतातलं आरक्षण ठप्प झालं. शेकडो किलोमीटर दूरच्या स्टेशनांवरच्या खिडक्या धडधाकट, बाबू जागेवर, संगणक चालू, आणि तरी तिकीट देता येईना. त्या रात्री गेलेल्या माणसांपुढे तिकिटांची गोष्ट लहान आहे. तरी त्या दिवशी मला कळलं की ही वही म्हणजे हुगळीकाठच्या एका इमारतीतली, विजेवर चालणारी, जळू शकणारी वस्तू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमाराला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हा त्या यंत्रावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तेव्हा एवढी चिठ्ठी पुरत होती.

यावर उपाय म्हणजे वहीची दुसरी प्रत दूरच्या शहरात ठेवणं. पण मग मामांचा प्रश्न पुन्हा दारात येतो: दोन प्रती, एक बर्थ. दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय तिकीट द्यायचं नाही असं ठरवलं तर प्रत्येक तिकिटाला दूरच्या शहराची फेरी, आणि मधली तार तुटली तर दोन्हीकडे काम बंद. न थांबता एकीकडेच लिहून पुढे गेलं तर तार तुटण्याआधीच्या शेवटच्या काही नोंदी दुसरीकडे पोचलेल्या नसतील. दोन्ही हवं असं म्हणून चालत नाही. मला विचाराल तर रेल्वेच्या वहीने थांबावं. थोडा वेळ तिकीट मिळालं नाही तर माणूस चिडतो. म्हातारी आई रात्री डब्यात चढून आपल्या बर्थवर दुसरंच कोणी झोपलेलं पाहते, ते मला त्याहून वाईट वाटतं.

ठरल्या दिवशी दुपारी हावड्याहून निघाले. बी-२ मध्ये माझ्या समोरच्या साइड लोअरवर दोन आरएसीवाल्या बायका अर्ध्या-अर्ध्या जागेवर बसल्या होत्या, एक बिलासपूरच्या आणि एक गोंदियाच्या काकू, गुडघे दुखत होते म्हणून पाय खाली सोडून बसलेल्या. टाटानगरला पाच नंबरवर कोणी चढलं नाही. टीटीई आले, त्यांच्या हातात ते छोटं यंत्र, तोही एक क्लायंटच. रिकाम्या बर्थवर त्यांनी खूण केली, पण चक्रधरपूर मागे पडलं तसे सारंडाच्या जंगलातले डोंगर सुरू झाले आणि यंत्रावर तेच गोल चक्र फिरू लागलं. "थांबा काकू, सिग्नल येऊ द्या," ते हिंदीत म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. खिडकीबाहेर काळोख. काकूंनी डब्यातली पोळी-भाजी काढली, मला अर्धी दिली. राउरकेल्याचे दिवे दिसायला लागले तसे टीटीई परत आले, यंत्र काकूंसमोर धरलं आणि म्हणाले, "पाच नंबर. तुमच्या नावावर लागला."